काचवाल्याच्या घरी वाचलेलं पत्र

१ सप्टेंबर

पत्र गेलं. तीनशे दहा प्रती, पाठपोट. यंत्रानं मध्येच एक कागद गिळला तेव्हा शिपाईमामा म्हणाले, "बाई, यालाही तुमचं पत्र आवडलेलं दिसतंय."

पाचवी ते आठवीच्या प्रत्येक घरी पहिल्या तारखेला हे पत्र जातं. अकरा वर्षं मीच लिहिते, सही मोठ्या सरांची. महिन्याभराच्या बातम्या, परीक्षेच्या तारखा, कोण कशात पहिलं आलं, आणि शेवटी सरांच्या भाषेत "चार धीराचे शब्द". या वेळचे चार शब्द – मुलांची घाई करू नका, प्रत्येकाची चाल वेगळी असते. हे याआधी किमान तीनदा लिहिलंय. कोणाच्या लक्षात येत नाही.

माझ्या वर्गात मी पत्र वाटताना एकदा मोठ्यानं वाचूनही दाखवते. दप्तरात चुरगळलं तरी कानावर तरी पडलेलं असतं.

घरी ह्यांना वाचून दाखवलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "छान आहे. मागच्या वेळीही छान होतं."

४ सप्टेंबर

माझ्या सातवी ब ची खिडकी फुटली. दोन तावदानं. चेंडू कोणाचा? अठ्ठेचाळीस मुलांत कोणाचाच नाही. दिवसभर वारा आत आणि कागद बाहेर.

९ सप्टेंबर

मधल्या सुट्टीत काचवाले आले. चाळिशीचे, बारीक अंगाचे, कामाला हात चटकन लागणारे. जुनी लांबी, म्हणजे काच चिकटवायचा लगदा, खरवडता खरवडता मला म्हणाले, "बाई, तुम्हीच ना सातवी ब च्या? माझी पोरगी तुमच्याकडे आहे." नाव सांगितलं तेव्हा कळलं – रेडिओचे वडील! वर्गात तिला सगळे रेडिओच म्हणतात. एकदा ऐकलं की जसंच्या तसं म्हणून दाखवते, आवाजासकट. माझी नक्कल तर माझ्यापेक्षा बरी करते.

मग म्हणाले, "तुमच्या पत्राचे आभार मानायचे राहूनच गेले होते."

मी म्हटलं, कसले आभार, ते तर सगळ्यांनाच जातं.

"सगळ्यांना जाऊ दे. आमच्या कामी आलं. मला अक्षरओळख नाही बाई. हिची आई होती तेव्हा घरात आलेला कागद ती वाचायची. ती जाऊन चार वर्षं झाली. आता पोरगी वाचते. जेवणं झाली की भिंतीला टेकून बसते आणि सगळं पत्र वाचते. मी ऐकतो." लांबीचा गोळा तळहातावर मळत राहिले. "मागच्या वर्षी त्यात तुम्ही लिहिलं होतं ना – ज्या घरात आई नाही तिथल्या वडिलांनी सहाच्या आत घरी यावं, आणि आल्यावर लगेच आडवं न होता थोडं बोलावं. तेव्हापासून मी सहानंतरचं काम धरत नाही."

असं मी कधीच लिहिलं नाही. अकरा वर्षांत नाही.

"लिहिलं होतं ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "हो."

काच बसवून, पुसून, समोरून पाहिली त्यांनी. मग मान हलवून निघून गेले.

१० सप्टेंबर

ह्यांना सांगितलं. पेपर खाली ठेवला – म्हणजे गोष्ट खरंच मोठी. म्हणाले, "पोरगी हुशार आहे. सरळ सांगितलं असतं तर बापानं ऐकलं नसतं, शाळेच्या कागदावरचं ऐकलं." मग थोड्या वेळानं, "तुझ्यापेक्षा चांगलं लिहिते की."

खरं आहे. दिवसभर तेच मनात. बारा वर्षांची मुलगी वडील लवकर घरी यावेत म्हणून पत्रात चार ओळी घालते, आणि मी म्हणते प्रत्येकाची चाल वेगळी असते.

११ सप्टेंबर

सुट्टीत तिला थांबवून घेतलं. रागावायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. पत्र हातात दिलं, म्हटलं, जरा वाच बरं. वाचलं. घडाघडा, कुठे अडखळणं नाही, माझ्यासारखीच स्वल्पविरामाला थांबत. मग मी हसून विचारलं, घरी वाचताना यात आणखी काही येतं का गं? तिनं खाली पाहिलं. "कधी कधी येतं, बाई."

म्हटलं, बरं. जा, डबा खा.

खोटं बोलू नकोस म्हणायला जीभ रेटली नाही.

१२ सप्टेंबर

सकाळी दूध तापत ठेवलं होतं आणि एकदम लक्षात आलं. पत्र पाठपोट आहे. तिनं सगळं वाचलं, शेवटच्या सहीपर्यंत. पान उलटलंच नाही.

दूध उतू गेलं.

१५ सप्टेंबर

शाळा सुटल्यावर तिला कपाटातलं एक पुस्तक दिलं, तिसरीच्या पातळीचं. कधी न पाहिलेलं. तिनं उघडलं. बराच वेळ पाहत राहिली. मग खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाली, "बाई, डोळे दुखतात."

मी म्हटलं, डोळे राहू दे. हे अक्षर कोणतं?

"म."

हे?

"र."

आणि दोन्ही मिळून, पुढे काना आहे तर?

बोट अक्षराखाली तसंच. तिला तुटक अक्षरं ओळखू येतात. स्वतःचं नाव लिहिता येतं. फळ्यावरचं उतरवते, तेही मोत्यासारखं – पण ते ती चित्र काढावं तसं काढते. वाचता येत नाही. सातवीतल्या मुलीला वाचता येत नाही.

हळूहळू कळलं. आई दवाखान्यात होती तेव्हा ही दुसरी-तिसरीत. सात-आठ महिने शाळा अशीतशीच. आईच्या खाटेजवळ बसायची. परत आली तेव्हा सगळी मुलं वाचत होती. "मला वाटलं, आता विचारलं तर हसतील. मग वाटलं, उद्या विचारू." चार वर्षं उद्या.

रडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबांना सांगू नका. बाबा सगळ्यांना सांगतात, आमच्या घरात एक जण तरी वाचणारं आहे."

मी शब्द दिला.

१७ सप्टेंबर

तिची गेल्या वर्षीची प्रगतिपुस्तिका काढून पाहिली. सहावीतही मीच होते. माझ्याच हातचं – "हस्ताक्षर अतिशय सुंदर. वाचन समाधानकारक." उत्तरपत्रिका पाहिल्या. प्रश्नातलीच वाक्यं पुन्हा उतरवलेली, सुबक. मी त्याला दहापैकी दहा दिलेत. का? ओळी सरळ होत्या म्हणून. अठ्ठेचाळीसांच्या गठ्ठ्यातला एक म्हणून. आई नसलेली मुलगी म्हणून.

तिनं मला फसवलं असं म्हणायची सोय नाही. मी बघितलंच नव्हतं.

१९ सप्टेंबर

मोठ्या सरांच्या खोलीत गेले. सरांना दोन वर्षं राहिली आहेत निवृत्तीला. खुर्चीत बसले की खुर्चीच बसल्यासारखी वाटते. सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून डोळे चोळले.

"सातवीत? एकच ना?"

म्हटलं, मला सापडलेली एकच.

"मग आणखी शोधू नका." हसले नाहीत. "डिसेंबरात तपासणी आहे, बाई. तुम्ही तिला शिकवा. वर नकाशांची खोली रिकामी आहे, किल्ली घेऊन जा. पण बोभाटा नको. आणि पत्रात तर अजिबात नको."

वाईट नाहीत ते. थकलेत. मीही किल्ली घेऊन गप्प बाहेर आले, तेव्हा मला काय म्हणावं?

२२ सप्टेंबर

सुरुवात. तिसरा मजला, गुंडाळलेले नकाशे, एक मोडका पृथ्वीगोल, दोन बाकं. रोज पाऊण तास. वडिलांना तिनं सांगितलंय की वक्तृत्वाची तयारी चाललीय. माझं नाव पुढे करून आणखी एक थाप.

२६ सप्टेंबर

ती अंदाज मारते. पहिलं अक्षर वाचते आणि उरलेला शब्द स्वतःच ठरवते. "कपाट"चं "कपडा", "पाऊल"चं "पाऊस". वाक्य पूर्ण करते, तेही शहाणं वाक्य. अडवलं की चिडते.

आज म्हणाली, "बाई, ही पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते आणि बोलते नंतर. मग आधी येते कशाला?"

तीस वर्षं शिकवतेय. हे मला कोणी विचारलं नव्हतं. मला उत्तर आलं नाही, तसं सांगितलं. तिला ते फार आवडलं.

१ ऑक्टोबर

पत्र गेलं. त्याआधी तिला विचारलं होतं, या महिन्यात घरी काय वाचणार आहेस? म्हणाली, "बाबांचा खांदा दुखतो. पत्रात लिहा ना – मोठ्या माणसांनीही ओझं दोन खेपांत न्यावं."

घातलं. शेवटच्या परिच्छेदात, जसंच्या तसं. सर सही करताना म्हणाले, "या वेळी जरा वेगळं झालंय." दोन पालकांचे फोन आले. एका बाईंनी विचारलं, हे तुम्ही माझ्याकडे बघून लिहिलं का? अकरा वर्षांत असं कोणी विचारलं नव्हतं.

आणि आज तिनं त्या पत्रातली ती एक ओळ वाचली. पाठ होती का? मला वाटत नाही. "ओझं"पाशी पुरती घाम फुटेपर्यंत थांबली होती.

८ ऑक्टोबर

चार ओळी वाचल्या. जोडाक्षरं अजून नाहीत.

१४ ऑक्टोबर

तीन दिवस आली नाही. वर्गातल्या मुली म्हणाल्या, बाबांच्या हाताला काच लागली.

१६ ऑक्टोबर

आज पहिल्या तासाआधीच शिक्षकखोलीच्या दारात उभी. केस विंचरलेले नाहीत. म्हणाली, "बाई, माझ्यामुळं झालं."

बाकावर बसवलं, पाणी दिलं, तेव्हा सगळं सांगितलं. मागच्या शुक्रवारी मोठं तावदान उतरवताना ते निसटलं आणि वडिलांचा उजवा तळहात मनगटापर्यंत फाटला. दवाखान्यात टाके घातले, गोळ्या दिल्या, एक छापील कागद दिला. नर्सनं विचारलं, वाचता येतं ना? वडील म्हणाले, "माझी पोरगी वाचते." घरी आल्यावर कागद तिच्या हातात. तिनं वाचला. आईच्या वेळी दवाखान्यात ऐकलेलं सगळं आठवून वाचला – पाणी लावू नका, हात वर ठेवा, दुखायचं थांबलं की गोळ्या बंद करा.

दोन दिवसांनी दुखायचं थांबलं. गोळ्या बंद केल्या. कागदावर होतं – सगळ्या गोळ्या संपवा, तिसऱ्या दिवशी पट्टी बदलायला या.

काल हात कोपरापर्यंत सुजला. तापानं बडबडायला लागले. शेजारच्यांनी उचलून नेलं.

कागद तिनं आणला होता. घडी घालून, मुठीत. "बाई, यात 'संपवा' कुठे लिहिलंय, दाखवा."

दाखवलं. तिनं बोट ठेवून वाचलं. सं-प-वा. बरोबर वाचलं. एक आठवडा उशिरा.

१७ ऑक्टोबर

दवाखान्यात गेले, ती बरोबर. लांबलचक खोली, बारा खाटा, टोकाला ते. हात पांढऱ्या गाठोड्यासारखा. ताप उतरलाय. डॉक्टर म्हणाले हात वाचेल, दोन बोटांचं सांगता येत नाही.

मी बोलायला सुरुवात करणार, तर तीच पुढे झाली. खाटेच्या कठड्याला धरून सगळं सांगितलं. मला वाचता येत नाही. तो कागद मी वाचला नव्हता. पत्रंसुद्धा नाही. शाळेत ऐकायचे आणि घरी सांगायचे. एका दमात. तिचा तो पाठांतराचा आवाज नव्हता तो, एकेक शब्द जड जात होता.

ते वर छताकडे बघत राहिले. शेजारच्या खाटेवरचे म्हातारे खोकले, त्यांची सून पाणी द्यायला उठली.

मग म्हणाले, "सहाच्या आत घरी यायचं, ते कोणी लिहिलं होतं?"

"मी."

"बाईंनी नाही?"

"नाही."

डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. "बरं झालं लिहिलंस."

ती तेव्हा रडली. सप्टेंबरपासून पहिल्यांदा.

तिला बाहेर नळावर तोंड धुवायला पाठवलं आणि मग माझ्याकडे वळले. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

म्हटलं, पंधरा सप्टेंबरपासून.

"महिना झाला."

"तिला शब्द दिला होता. आणि मी शिकवत होते."

"शिकवत होतात, ते बरंच केलंत." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "पण मला कळलं असतं, तर तो कागद मी दुसऱ्या कोणाकडून वाचून घेतला असता. शेजारी आहेत, नाक्यावरचा दुकानदार आहे. मला लाज नव्हती वाटली विचारायची. मला वाटलं घरात आहे."

मुलीची लाज राखली आणि बापाच्या हातावर बेतलं. शब्द पाळला म्हणून स्वतःचं कौतुक करत बसले होते की मी, महिनाभर!

१८ ऑक्टोबर

काही लिहवत नाही.

२१ ऑक्टोबर

ह्यांनी आज विचारलं, "किती मुलं आहेत तुमच्या शाळेत?" म्हटलं, तीनशे दहा. "आणि त्यांतली एकच अशी, हे तुझे सर कशावरून म्हणतात?"

मी म्हटलं, म्हणत नाहीत, तशी आशा करतात. मीही तीच करत होते.

२७ ऑक्टोबर

काचवाले दवाखान्यातून घरी गेले. करंगळी आणि शेजारचं बोट मिटत नाही. काच धरायला दोन्ही हात सारखे लागतात, ते म्हणतात बघू, कापायचं काम डाव्यानं शिकेन. रेडिओ पुन्हा वरच्या खोलीत यायला लागली. आता वक्तृत्वाची थाप नाही. दार ढकललं आणि म्हणाली, "जोडाक्षरं घ्या, बाई. सगळी घ्या." चिडत नाही आता. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

३० ऑक्टोबर

नोव्हेंबरचं पत्र लिहिलं. स्पर्धा, सुट्ट्या, तारखा – आणि शेवटी चार शब्द धीराचे नव्हेत, खरे:

"आपल्या शाळेत अशी मुलं आहेत ज्यांना हे पत्र वाचता येत नाही. ती मठ्ठ नाहीत, आळशी नाहीत. त्यांना वरच्या वर्गात ढकलणारे आम्ही आहोत. शाळा सुटल्यावर तिसऱ्या मजल्यावर नकाशांच्या खोलीत रोज पाऊण तास वाचन शिकवलं जाईल. कोणालाही कारण विचारलं जाणार नाही. ज्या घरात मोठ्यांनाही वाचता येत नाही त्यांनी घरी आलेला महत्त्वाचा कागद शाळेत आणावा, आम्ही वाचून देऊ."

सरांनी वाचलं. लाल पेन काढलं आणि शेवटचा परिच्छेद तिरप्या रेघेनं खोडला. "डिसेंबर," एवढंच म्हणाले.

३१ ऑक्टोबर

शाळा भरायच्या आधी काचवाले सरांच्या खोलीबाहेर बसलेले. उजवा हात गळ्यात. मुलीनं सांगितलं असणार. मी आत होतेच, सर मला तारखा विचारत होते.

आत आले, बसले नाहीत. "साहेब, बाईंनी जे लिहिलंय ते पत्रात जाऊ द्या."

सर म्हणाले, हा शाळेचा अंतर्गत मामला आहे, तुमच्या मुलीचं नाव कुठेही येणार नाही, काळजी करू नका.

"पोरीचं नको. माझं घाला. अमक्या काचवाल्याला वाचता येत नव्हतं आणि त्यानं कोणाला विचारलं नाही, म्हणून हात असा झाला. ते घाला. लोक बघतील माझ्याकडे, बघू देत. मी शाळेच्या अर्ध्या खिडक्या बसवल्यात, मला ओळखतात."

सरांनी त्यांच्या हाताकडे पाहिलं. मग खिडकीकडे. बाहेर घंटा झाली.

"मी सही करणार नाही," सर शेवटी म्हणाले. मला म्हणाले, त्यांना नाही. "पण मी अडवणारही नाही. तुमच्या सहीनं जाऊ दे."

हे त्यांना जमण्यासारखं होतं तेवढं. जाताना काचवाल्यांना दारापर्यंत सोडायला उठले. मी त्यांना असं उठताना बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

पत्रात काचवाल्यांचं काही घातलं नाही. हात दाखवायला ते स्वतः आले होते, ते पुरे.

३ नोव्हेंबर

पत्र गेलं. दोन दिवस उशिरा, खाली माझं नाव. छापून आलेलं दोनदा वाचून पाहिलं.

वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटच्या परिच्छेदाला अठ्ठेचाळीस मुलं चिडीचूप. रेडिओ माझ्याकडे बघत नव्हती, बाकाकडे बघत होती. बाकीच्यांपैकी कोण कुठे बघत होतं ते या वेळी मी नीट पाहिलं. पण चेहऱ्यावर काही लिहिलेलं नसतं.

४ नोव्हेंबर

खोलीत आम्ही दोघीच.

५ नोव्हेंबर

कोणी आलं नाही. शिक्षकखोलीत गणिताच्या बाई म्हणाल्या, "आता सगळ्या गावात झालं ना, आमच्या शाळेतली मुलं अडाणी म्हणून." माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. दोन पालक सरांकडे तक्रार घेऊन आले, सरांनी त्यांना चहा देऊन परत पाठवलं. काय बोलले ते मला सांगितलं नाही.

एक आजोबा मात्र आले. हातात विजेच्या कचेरीतून आलेला कागद. व्हरांड्यात उभं राहून वाचून दिला. दोनदा वाचून घेतला, मग म्हणाले, "उगाच घाबरलो होतो."

६ नोव्हेंबर

कोणी नाही.

७ नोव्हेंबर

कोणी नाही. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं नाही, आपणहून चहा टाकला.

१० नोव्हेंबर

आज धडा अर्ध्यावर सोडून रेडिओ म्हणाली, "बाई, ते नाही यायचे."

म्हटलं, कोण?

"ज्यांना येत नाही ते. पत्र घरी दिलंच नसेल त्यांनी. मी पण नसतं दिलं. त्यात काय आहे ते तर वर्गातच कळलं होतं."

मला हे सुचायला हवं होतं. मी विचारलं, "तुला माहीत आहे का, कोण कोण आहेत?"

तिनं होय-नाही काही म्हटलं नाही. मोडक्या पृथ्वीगोलाला बोटानं गरगर फिरवलं. "आम्हाला आम्ही कळतो, बाई. धडा वाचायची पाळी यायला लागली की जो पाणी प्यायला जातो तो. ज्याचा चष्मा रोज घरी राहतो तो. एकमेकांना कधी बोलत नाही. पण कळतं."

नावं सांगू लागली, तर मी थांबवलं. म्हटलं, मला सांगू नकोस. त्यांना सांग.

"काय सांगू?"

"तुझं."

विचारात पडली. मग म्हणाली, बाबांना विचारते.

११ नोव्हेंबर

आली नाही. निरोप नाही. मी पाऊण तास नकाशे झटकत बसले.

१२ नोव्हेंबर

आली नाही. वर्गात होती, पण सुटल्यावर दिसली नाही. मागायला नको होतं मी तिच्याकडे. आधीच एवढं वाहतेय ती.

१३ नोव्हेंबर

सव्वा पाचला जिन्यात पावलं. दार उघडलं तर रेडिओ, आणि तिच्यामागे रांगेत अकरा जणं. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. पाच माझ्याच वर्गातली. सगळ्यात शेवटी आठवीतली ती मुलगी, जी रोज सकाळी माइकसमोर उभी राहून अख्ख्या शाळेला बातम्या वाचून दाखवते. तिनंच सांगितलं, आई आदल्या संध्याकाळी वाचून दाखवते, ती पाठ करते – दोन वर्षं. हातात कागद धरायचं मीच तिला सांगितलं होतं, चांगलं दिसतं म्हणून.

बाकं दोनच. सगळी जमिनीवर बसली. मीही.